अण्णांनी घातलेली कळ्यांची वेणी

अण्णा,

काल मी जावयावर उगीचच डाफरले. तो बिचारा आपल्या लेकीची वेणी घालत बसला होता. आमच्या जे. पी. नगरच्या घरात सोफ्यावर तो, त्याच्या गुडघ्यांत अडकवलेली माझी चार वर्षांची नात, आणि समोर मोबाइलवर एक बाई वेणी कशी घालायची ते दाखवतेय. छान घालतो हो तो. मी कौतुकानं म्हटलं, माझी वेणीसुद्धा माझे वडीलच घालायचे. तर म्हणतो कसा, "वॉव आई, सो स्वीट!" झालं, माझं डोकंच फिरलं. "स्वीट कसलं डोंबलाचं? लढाई होती ती, लढाई! आणि आम्ही जिंकलोय!" नात आ वासून माझ्याकडे बघतच राहिली. मग मी खोलीत येऊन बसले. यांना कुठून कुठवर सांगत बसू? ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांनाच लिहावं म्हटलं. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे आहेत.

बसवनगुडीतलं ते वठार आठवतं ना? साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. मधे अंगण, भोवती पाच-सहा बिऱ्हाडं, मागे नळ, कपडे धुवायचा दगड आणि त्या सांडपाण्यावर माजलेली केळ. आई गेली तेव्हा मी नीट बोलतही नव्हते, त्यामुळे मला आठवतं ते घर आपल्या दोघांचंच. सकाळ झालीय. स्टोव्ह फरफरतोय, त्यावर उप्पीट. तुम्ही कारखान्यात ड्राफ्ट्समन. कोपऱ्यावर कारखान्याची बस यायच्या आत माझी आंघोळ, खाणं, वेणी सगळं उरकायचंय. मी पाटावर, तुम्ही मागे, रिबन तुमच्या दातांत. "हलू नकोस, रेघ हलते," असं तुम्ही त्या रिबनीसकट म्हणता. सुरुवातीला एक वेणी कानावर आणि दुसरी मानेवर निघायची. मग तुम्ही खिडकीच्या गजाला काथ्या बांधून त्याच्यावर सराव केलात, आणि घरमालकीण अक्का बाहेर उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसल्या. पण हळूहळू माझा भांग असा सरळ निघायला लागला, की वठारातल्या बायका आपापल्या मुलींना तो दाखवायच्या. माझे परकर तुम्ही रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या ट्रेसिंग क्लॉथचे शिवायचात. ते कडक, निळसर कापड भिजवून चोळलं की त्याची खळ निघून जायची आणि आतून मलमलीसारखं मऊसूत कापड हाती यायचं. बाकीचा दिवस मी अक्कांकडे. त्यामुळे संध्याकाळी तुम्ही आलात की मी "अण्णा, नीरु बेकु" म्हणायची, आणि तुम्ही पाण्याचा पेला वर धरून "पाणी हवं" असं म्हणायला लावायचात. सुखात होतो आपण. लोकांना आपली दया यायची, तो त्यांचा प्रश्न.

सगळ्यांत जास्त दया आत्याला. तुमची थोरली बहीण, सांगलीला दिलेली, पोटी मूल नाही, जीभ तिखट आणि जीव मऊ. दसऱ्याला म्हणून आली ती हिरवी ट्रंक घेऊन, आणि आल्या दिवशीच माझ्या डोक्यात फणी घालत म्हणाली, "बाप्याच्या हातनं पोरीची जात वाढत नाही बाबा. मी हिला घेऊन जाते." तुम्ही "बघू" म्हणालात. आत्याला "बघू" पुरे होतं. तिनं माझे फ्रॉक घड्या घालून ट्रंकेत ठेवायला सुरुवात केली. मी पाय आपटले, "नंगे बेडा! नंगे बेडा!" आत्यानं कपाळावर हात मारला. "ऐक रे बाबा, ऐक! नको म्हणायचं तेही कानडीत! पोर आपली भाषा विसरली." तुमचा चेहरा खर्रकन उतरला. संध्याकाळी मला अंगणात बसवून तुम्ही विचारलंत, "सांगलीला मोठा झोपाळा आहे. जाशील?" मी एवढीशी होते, पण मला कळलं. तुम्ही हरायला लागला होतात, अण्णा.

नवरात्र होतं. बंगळुरात त्या दिवसांत घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आणि पोरी नटूनथटून दारोदार विचारत फिरतात, "गोंबे कूर्सिदीरा?" बाहुल्या मांडल्यात का? हो म्हटलं की आत जायचं, बाहुल्या बघायच्या, कागदात हरभऱ्याची उसळ घेऊन पुढच्या घरी. आणि त्याच दिवसांत हौसेनं लहान मुलीच्या वेणीला वरपासून खालपर्यंत मोग्ग्या, म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या, ओळीनं टाचून लावतात आणि स्टुडिओत आरशापुढं उभं करून फोटो काढतात. तोंडही दिसतं आणि पाठीवरची वेणीही. माझी ती वेणी अक्का घालणार होत्या. तुम्ही रजा टाकली होती. सकाळीच गांधी बझारात जाऊन आनेकलच्या बसनं येणाऱ्या फुलवालीकडून घट्ट मिटलेल्या कळ्या आणि अबोली आणलीत, ओल्या फडक्यात बांधून. येऊन बघता तो काय, अक्कांना कावळा शिवलेला! त्या मागच्या पडवीत तरट टाकून बाजूला बसलेल्या. आता ना फुलांना हात लावता येणार, ना मला.

आत्याला आयतं सापडलं. "बघ! शेजारीण बाजूला बसली की तुझा संसार बाजूला बसला. पोर काय शेजारणीच्या पदराला बांधून वाढवतात?" वठारातली दुसरी कुणी बाई म्हणाली, आणा इकडे, मी घालते. तुम्ही तिला हात जोडलेत. मग आत्याकडे वळून म्हणालात, "ताई, मी घालतो." तुम्ही तिला असं ठासून काही सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आत्या म्हणाली, "घाल की! दिवेलागणीच्या आत घातलीस तर पोरगी तुझी. नाही तर उद्या माझ्या गाडीत." आणि ट्रंकेचं झाकण उघडं टाकून तिच्याशेजारी मांडी ठोकून बसली.

अक्का पडवीतून कानडीत सांगतायत, तुम्ही दारात बसून कळ्या टाचताय, मी उंबऱ्यावर. कळ्या कशावर तरी टाचायच्या, आणि मग ती पट्टी वेणीवर बांधायची. तुम्ही काय घ्यावं? ट्रेसिंग क्लॉथ! न धुतलेलं, कडक. पट्टी आखलीत, वर रुंद, खाली निमुळती, काठ कसे कातरल्यासारखे सरळ. त्यावर कळ्यांच्या ओळी, मधून अबोलीची एकेक रेघ. काय देखणी झाली होती! आत्यासुद्धा मान उंच करून बघत होती. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, कळ्या उमलतील, पाणी शिंपडा. तुम्ही शिंपडलंत. खळीचं कापड ते! ज्या माणसानं माझे सगळे परकर ती खळ धुऊनच शिवले, त्याच्या हे डोक्यात येऊ नये? बघता बघता पट्टी चिकट झाली, लोळागोळा झाली, कळ्या तिरक्या होऊन एकमेकींवर पडल्या. आत्या खो खो हसली. तुम्ही ते ओलं गबाळ हातात धरून नुसते बसून राहिलात. मी ट्रंकेकडे बघितलं. सगळ्यांत वर माझा पिवळा फ्रॉक होता.

"अय्यो, अदु बेडा!" पडवीतून अक्का कडाडल्या. "बाळे पट्टे तगोळ्ळि!" केळीचं सोपट घ्या! मागच्या केळीकडे हात करून त्या जवळजवळ उभ्याच राहिल्या. तुम्ही विळी घेऊन धावलात. खोडाचं ओलं, गार सोपट सोलून आणलंत, त्याला पाण्याचं काय भय? पुन्हा पट्टी कापलीत. मिळाल्या तेवढ्या कळ्या सोडवून पुन्हा टाचायला घेतल्यात. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. जेवण राहिलं. कळ्यांची टोकं फुगायला लागली होती. एकदा उमलल्या की सगळं फिसकटणार. तुमच्या बोटांतून रक्त येत होतं आणि तुम्ही ते धोतराला पुसत होतात, हे मला अजून दिसतं.

पट्टी झाली आणि खरी पंचाईत पुढं आली. माझी वेणी म्हणजे उंदराचं शेपूट. त्यावर ती भरदार पट्टी ठरेना. बांधली की घसरायची, वर ओढली की फिरायची. तुमचे हात थांबले. आता आत्या हसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण हसू आलंच नाही. आत्या उठली, तुमच्या मागे येऊन उभी राहिली, आणि अंबाड्यातले आकडे एकेक करून तोंडात धरत तिनं आपलं गंगावन सोडलं. भल्या मोठ्या अंबाड्याची डोक्यावर सुपारी राहिली. त्या केसांचा झुपका तुमच्या पुढ्यात टाकून म्हणाली, "बघतोस काय? माझं काय लग्न आहे आज? हे गुंफ हिच्या केसांत. आणि घट्ट गुंफ." तुम्ही मान वर करून तिच्याकडे बघितलंत. ती म्हणाली, "माझ्याकडे नको, वेणीकडे बघ!" मग काय विचारता! पडवीतून अक्का "बिगि, इन्नू स्वल्प बिगि!" आणि डोक्यावरून आत्या "घट्ट, अजून जरा घट्ट!" दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवशी त्यांचं अगदी छान जमलं. तुम्ही शेवटची गाठ मारलीत आणि मला उभं केलंत. अक्का लांबूनच म्हणाल्या, "सरी!" जमलं!

स्टुडिओत जाताना तुम्ही माझ्या मागून चालत होतात, वेणीखाली तळहात धरून. आरशापुढं उभी राहिले. फोटोवाला काळ्या कापडातून म्हणाला, "स्वल्प नगु मगू," हस थोडीशी बाळ. मी हसले. फोटो झाला आणि वाटेतच कळ्या उमलायला लागल्या, म्हटलं आता उमला खुशाल! आणि मग आपली स्वारी निघाली. घरोघर बायका मला धरून पाठमोरी फिरवतायत. "यारु हाकिद्दु?" कुणी घातली? मी ओरडते, "नम्म अण्णा!" कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्या पोरगा शोधतात, आणि मी बोट दाखवते तिकडे फाटकाशी तुम्ही उभे, बोटांना चिंध्या बांधलेले, आणि कानापर्यंत हसताय. माझी ओंजळ उसळीच्या पुड्यांनी भरून गेलीय. तुम्हांला इतकं ताठ उभं राहिलेलं मी ना आधी बघितलं, ना नंतर. राजे दिसत होतात अण्णा, राजे!

दुसऱ्या दिवशी आत्यानं ट्रंकेतून माझे फ्रॉक काढले आणि एकेक फळीवर ठेवत तुमची खरडपट्टी काढली. "याला बटण नाही. याची शिवण उसवलीय. पोर ठेवून घ्यायची तर हे कोण करणार? पोरगी तुझी. गंगावन तेवढं माझं, ते परत दे." स्टेशनावर मात्र मला इतका वेळ पोटाशी धरून राहिली, की गार्डानं शिट्टी मारली. पुढं तो फोटो तिनं सांगलीत हळदीकुंकवाला, बारशाला, जाईल तिथं नेला. "माझ्या भावानं घातलीय," म्हणायची, "बायकांना जमणार नाही अशी." मग थोडं थांबून, "गंगावन माझं."

आता हे पत्र टाकायचं कुठं, ते मला माहीत नाही. नातीच्या रिबनांच्या डब्यात तळाशी ठेवते. जावयाची मात्र उद्या समजूत काढीन. त्याला म्हणेन, स्वीट तर स्वीट, पण भांग जरा सरळ काढ. आणि एक राहिलंच, ते तुम्ही असताना बोलले नाही. तो फोटो तुम्ही येईल त्याला दाखवायचात, "बघा, पोरीच्या डोळ्यांत आनंद कसा मावत नाहीये." मी आपली गप्प बसायची. वेणी भयंकर आवळली गेली होती हो. कातडी सोलल्यासारखं दुखत होतं, ते डोळ्यांतलं पाणी होतं. तुम्ही गाठ मारत होतात तेव्हाच ओरडणार होते मी. पण ट्रंक अजून उघडी होती अण्णा, म्हणून मी जराही हलले नाही.