पिवळ्या कागदावरचं नाव

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६. चेंगदू

पोचलो एकदाचे! कोलंबस, सॅन फ्रॅन्सिस्को, हाँगकाँग, चेंगदू. पाय सुजून बुटात मावेनात, तरी मी खूश आहे. ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहून सहा वर्षांत मी फक्त नायगारा पाहिला, तोही आल्या-गेल्या पाहुण्यांना दाखवायला चार वेळा. संजीव गेल्या वर्षी कंपनीची मशीन्स बसवायला इथे चार महिने होता. तेव्हापासून मला हा सेच्वान प्रांत दाखवायचा म्हणून त्याने डोकं खाल्लं होतं. लग्नाला दहा वर्षं झाली, या माणसाने मला आपणहून कोपऱ्यावरच्या मॉललाही नेलेलं नाही. म्हटलं, सूर्य पश्चिमेला उगवतोय तर उगवू दे.

दीपाला माझ्या मैत्रिणीकडे, कांचनकडे ठेवलंय. आठ वर्षांची झाली तरी निघताना माझ्या गालाला गाल चिकटवून उभी राहिली, सोडेचना. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, पण तो ऊबदार गाल मी विमानात सारखा आठवत होते. लवकर परत जायचं आणि तो गाल पुन्हा गालाला लावायचा, बस्स.

आजची तारीखही आमचीच. तीस वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी नागपुरात दीक्षा झाली, तेव्हा मी चार वर्षांची, बाबांच्या खांद्यावर होते. आणि आज बुद्धाच्या डोंगरांच्या देशात!

गुरुवार, १६ ऑक्टोबर. चेंगदू

आमचा दुभाषा मिस्टर लुओ. तिशीचा, सडपातळ, फार सज्जन. गेल्या वर्षी संजीवबरोबरही हाच होता. आज त्याने आम्हाला चहाच्या दुकानात नेलं. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचे पेले, म्हातारे पिंजऱ्यातले पक्षी घेऊन बसलेले. सगळं गाव निवांत. मग जेवायला.

मी सावजी रश्श्यावर वाढलेली बाई, मला तिखटाची काय भीती? पण इथल्या तिखटात एक वेगळंच बी असतं. कांचन मालवणची आहे, ती माशांत तिरफळ घालते, त्याच्याच जातीचं. दाताखाली आलं की ओठ आणि जीभ बधिर होतात, मुंग्या येतात. मी लहान मुलासारखी हसत सुटले. दहा मिनिटांत उतरतं, असं लुओ म्हणाला आणि तसंच झालं.

संजीव मात्र अख्ख्या लाल मिरच्या शेंगदाण्यांसारख्या चावत होता. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर घाम नाही. गेल्या वर्षी इथून परतल्यापासून त्याची चवच गेली आहे. वीस पौंड उतरला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्याचं रक्त मी स्वतःच्या हातांनी तपासलं, सगळं नॉर्मल. मनात येतं, या सहलीने तरी त्याला उतार पडू दे.

शनिवार, १८ ऑक्टोबर. अमेई डोंगर

काय डोंगर आहे! पायऱ्या, धुकं, बांबूची बनं, मध्येच पिशव्या ओढणारी माकडं. मुक्काम भिक्षुणींच्या एका छोट्या मठात आहे. वंदनेला जायचं म्हणून मी आपल्या पद्धतीप्रमाणे पांढरी साडी नेसले. मठातली थोरली भिक्षुणी ऐंशीची तरी असेल. मला पाहून तिने दोन्ही हातांत माझे हात घेतले, कमरेत वाकली आणि रडली. लुओही मान खाली घालून उभा होता. मला फार भरून आलं. बुद्धाच्या देशातून आलेल्या बाईचा केवढा हा मान!

भिंतीवर नावांचे कागद लावलेले होते, काही लाल, काही पिवळे. त्या चिनी अक्षरांत एका पिवळ्या कागदावर चक्क देवनागरी! संजीवचं अक्षर, ‘संजीव रामटेके’. गेल्या वर्षी लिहिलं होतं म्हणे. मी पण लिहिते म्हटलं. टेबलावर दोन्ही रंगांचे कोरे कागद होते. मी पिवळाच उचलला. भिक्खूंच्या चीवराचा रंग, हळदीचा रंग, आपल्याकडे दुसरा कुठला उचलणार? संजीवने पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी छान वळणदार लिहिलं: प्रतिमा संजीव रामटेके. भिक्षुणीने संजीवचा कागद काढून दिव्यावर जाळला आणि त्या जागी माझा लावला. दोन्ही शेजारी लावा म्हणून मी खुणा करत होते, पण तिला कळलं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर. अमेई

आज एक गंमत झाली. नाश्त्याला नुसते नूडल्स होते, वर मिरचीचं तेल. पहिल्याच घासाला संजीव ठसकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि मग तो वेड्यासारखा हसायला लागला. ‘तिखट आहे गं, तिखट आहे!’ वर्षभरात त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याने तीन वाडगे खाल्ले.

मला मात्र कशालाच चव लागली नाही. ओठांना कालच्या जेवणापासून मुंग्या आहेत. दहा मिनिटांत उतरायला हव्यात ना?

माझ्या वाडग्यात त्यांनी भात दिला होता, चॉपस्टिक्स त्यात उभ्या खोचलेल्या. बाकी कुणाच्या तशा नव्हत्या. पाहुणचाराची रीत असेल.

सोमवार, २० ऑक्टोबर. शिखर

इथे दुपारी ऊन पाठीशी असलं की समोरच्या ढगांवर इंद्रधनुष्याचं कडं दिसतं आणि त्यात आपली सावली. प्रत्येकाला स्वतःचीच दिसते, शेजारच्याची नाही. लोक त्याला बुद्धाचा प्रकाश म्हणतात. मला शास्त्र माहीत आहे, पाण्याचे थेंब आणि ऊन.

कडं मला दिसलं. सुंदर, पूर्ण, सातही रंग.

आत सावली नव्हती.

मी हात हलवला. पुढे-मागे झाले. संजीव शेजारी उभा राहून हात हलवत होता आणि त्याला त्याची दिसत होती. त्याला सांगितलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘अगं, थकवा आहे यार. अल्टिट्यूड.’ थंडी एवढी की सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी तळहातावर फुंकर मारली. वाफ नाही. मुंग्या आता हनुवटीपर्यंत आहेत. भूतखेत आमच्या घरात कधी चाललं नाही, मी भिणार नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर. चेंगदू, विमानतळ

संजीव सामान द्यायला गेला तेव्हा लुओ माझ्यासमोर वाकला आणि रडायला लागला. म्हणाला, तुमच्यासारखी बाई पाहिली नाही. मी विचारलं, कशी? मग एकेक करून निघालं.

लाल कागद जिवंतांसाठी. पिवळा मेलेल्यांसाठी. भातात उभ्या खोचलेल्या चॉपस्टिक्सही त्यांच्याचसाठी. गेल्या वर्षी संजीवनेही माझ्यासारखाच, हळदीचा रंग म्हणून पिवळा उचलला होता. तेव्हापासून तो विझत चालला. उन्हाळ्यात त्याने मठाला पत्र लिहिलं, उपाय विचारला. उत्तराचं भाषांतर लुओनेच केलं: चुकून लागलेलं नाव नुसतं काढता येत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या हाताने, त्याच लिपीत, आपलं नाव त्याच जागी लिहायचं. असं बदली नाव फार दिवस टिकत नाही. ते माणूस गेलं की जागा रिकामी होते आणि जुनं नाव परत येतं. मग पुन्हा कुणी तरी हवं.

लुओला वाटलं होतं की मला सगळं ठाऊक आहे. पांढरी साडी बघून भिक्षुणीलाही तेच वाटलं. इथे पांढरं सुतकात घालतात. नवऱ्यासाठी स्वतःचं सुतक नेसून आलेली बाई, असं ते सगळे मला समजले.

श्राद्ध नको, पिंडदान नको, असं लहानपणी घोकलं मी. आणि माझंच श्राद्ध मी वळणदार अक्षरात घातलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. डब्लिन

घरी. दीपा धावत आली, तिने गाल लावला. मला कळलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलं की तिचा गाल माझ्या गालावर आहे. बस्स, एवढंच.

रात्रभर विमानात मी संजीवशी बोलले नव्हते. आज विचारलं. नाकारलं नाही त्याने. शांतपणे सांगत राहिला. घराचं मॉर्गेज, दीपाचं शिक्षण, तुझ्या पगारात भागलं नसतं, बी प्रॅक्टिकल. जणू गाडी कुठली घ्यायची ते ठरवत होता.

मागितलं असतंस तर कदाचित दिलं असतं रे. मी त्याला एवढंच म्हटलं. दहा वर्षं तुझ्या ताटात वाढलं मी. मागायचं तरी होतंस.

तो उठला आणि फ्रिजमधून लोणचं काढून खाऊ लागला.

बुधवार, २९ ऑक्टोबर

माझं रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. हात बोटांपासून मनगटापर्यंत बधिर झाले. कालपासून जीभ जड, शब्द चिकटतात. दीपाचा हात धरून शाळेच्या बसपर्यंत गेले. ती म्हणाली, ‘मॉम, यू आर हर्टिंग मी.’ बघितलं तर तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ. किती जोरात धरलं होतं, मला कळलंच नाही.

कांचनला सगळं सांगितलं. तिने मला मिठी मारली, चहा दिला, आणि मी बाथरूममध्ये गेले तेवढ्यात संजीवला फोन केला. प्रतिमाला डॉक्टरला दाखव, भ्रम होतोय तिला.

तिचाही मला भरवसा होता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बोलता येत नाही आता. नुसता आवाज निघतो. दीपा घाबरते.

आज संजीवने तिला पासपोर्टच्या फोटोला नेलं.

संध्याकाळी दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी. आठ वर्षांत त्याने तिला मराठीचं एक अक्षर शिकवलं नाही, मी शिकवायला बसले की हसायचा. आज तिचा हात धरून गिरवून घेत होता. दी. मग पा. पुन्हा दी. पुन्हा पा. बाकी काही नाही, नुसतं नाव. ती खूश, बाबा शिकवतोय म्हणून.

मी जाणार. जागा रिकामी होणार. मग त्याला पुन्हा कुणी तरी —

पोटची पोर आहे रे तुझी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पेन मुठीत धरलंय, बांधून. डोळ्यांनी बघत लिहिते.

ही वही त्याच्या हाती पडली तर जाळेल. एक पान फाडून दीपाच्या शाळेच्या पुस्तकात ठेवायचं. तिला मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत लिहायचं. सोपं. मोठ्या अक्षरांत. तो लॉनवर आहे, पानं गोळा करतोय, मला खिडकीतून दिसतोय —

दीपा, बाबा तुला डोंगरावर नेईल. पिवळा कागद देईल. त्यावर तुझं नाव लिहू नकोस. काही झालं तरी —

हे मराठीतच लिहिलं. हात आपोआप मराठीत —

दुसरं पान. इंग्रजी. इंग्रजी —

दीपा, बाबा तुला —