तीन दगडांवरची मोटार

सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६. काटेवाडी

पोचलो एकदाचं. निरवांगीहून बैलगाडी, मग बारामतीपर्यंत ट्रक, पुढं पायी. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश हाय. प्रौढवर्गाच्या मास्तरांनी वही दिली आन म्हणाले, द्वारकाबाई, रोज चार ओळी लिहा, न्हाईतर शिकलेलं विसराल. म्हटलं, साठीत शिकलेलं विसरायला येळ तरी कुठं हाय. तरी लिहिते.

हितल्या आबासाहेबांची मोटार नऊ वर्सं खोपटात पडून हाय. जुना ड्रायव्हर सोडून गेला म्हणे. माझा लेक सावळाराम पलटणीत लॉऱ्या दुरुस्त करायचा. त्यानं मोटार चालू केली की तोच ड्रायव्हर, आन ऱ्हायला या दोन खोल्या. मग सून सिंधू आन दोन्ही नातवंडं निरवांगीहून आणायची. माझा जल्म मेंढरांमागं गेला. एका जागी लागोपाठ दोन दिवाळ्या अजून केल्या न्हाईत. आता मला बसायचं हाय. बस्स.

बुधवार, १४

मोटार बघितली. चाकं काढून भिंतीला टेकवलेली. धड उचलून तीन दगडांवर आन एका लाकडी ठोकळ्यावर ठेवलेलं. म्हटलं, एवढ्या श्रीमंताला चौथा दगड मिळाला न्हाई व्हय! गादीत उंदरांचा संसार, पाच पिल्लं निघाली. सावळाराम म्हणतो, इंजिन धरलंय. प्लगच्या भोकांतून रॉकेल आन तेल ओतून ठेवलंय, भिजलं की सुटंल. दोन गडी हँडलला लोंबकळले, तसूभर हललं न्हाई. म्हटलं, माझे गुडघेबी असेच धरल्यात, मलाबी पाज थोडं. हसला. पलटणीतून आल्यापासून कमीच हसतो, म्हणून लिहून ठेवते.

शनिवार, १७

सकाळी चाकं चढवली, दगड मोकळे झाले. मी विटांवर सैपाक करत होते, विटा डुगडुगायच्या. ते तीन दगड उचलून आणले. एका अंगानं काळे, धुरकटलेले, म्हणजे आधीबी चुलीलाच असणार. आयते मिळाले. अंगणात चूल मांडली आन पहिलं सावळारामाच्या आंघोळीचं पाणी ठेवलं. पाण्याला आधण आलं न आलं तोच खोपटातून हाक, आय, फिरलं गं! जे हँडल दोघांना ऐकत नव्हतं ते एका हातानं फिरलं. रॉकेलनं काम केलं म्हणतो.

तेवढ्यात एक म्हातारी शेरडं घेऊन कुंपणापाशी उभी. चुलीकडं बघत होती. म्हटलं, या बाई, च्या घ्या. तोंडाला पदर लावून निघून गेली. बानूबाई म्हणे. आमच्यातलीच, धनगराची. मग एवढी मिजास कशाची?

मंगळवार, २०

बारामतीहून बॅटरी भरून आणली आन मोटार चालू झाली! आधी खोकली, मग उंदराच्या लेंड्या उडवत धूर काढला. आबासाहेब म्हणाले, सोमवारपासून तूच ड्रायव्हर. आज पाय दुखतात तेबी गोड लागतंय.

एकच हाय. ड्रायव्हरची बैठक रोज ओली. छप्पर गळत न्हाई. पुसली की घटकाभरात पुन्हा ओली. आन पाणी कोमट.

गुरुवार, २२

सावळाराम कढत पाणी डोक्यावर घेतो तरी अंग गार. हात लावला, माठाला लावावा तसं. केस दुपारपत्तूर वाळत न्हाईत. जेवत न्हाई, मोटारीत बसून ऱ्हातो. काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, बैठकीची सवय करतोय.

आणखी एक. मी चूल पेटवली की मोटारीचं तोंड तापतं. चालू नसताना. चूल विझवली की निवतं. तीनदा करून बघितलं. थकले. कुणाला सांगू.

शुक्रवार, २३

आज मला बाय म्हणाला. जल्मभर आय म्हणत आला.

म्हटलं, सिंधूला पत्र टाक, नोकरी लागली म्हणून. तर इचारतो, कोण सिंधू?

शनिवार, २४

बानूबाईच्या दारात जाऊन बसले. बोल म्हटलं, न्हाईतर उठत न्हाई. बोलली.

जुना ड्रायव्हर सोडून गेला न्हाई. तो हिचा लेक, सिद्धू. हिला बाय म्हणायचा. खाली निजून दुरुस्त करत होता, मोटार अंगावर आली. ह्याच अंगणात तीन दगड मांडून त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवलं. ते दगड शिवंबाहेर टाकायचे असतात, पुन्हा चुलीला लावायचे न्हाईत. मला काय ठाऊक न्हाई? कितीकांचे मीच टाकलेत. पण हे टाकायच्या आधीच मोटार आपसूक तापायला लागली. म्हणून हिनंच दगड तिच्याखाली घालायला लावले. वजनाखाली तो गप ऱ्हायला.

आठ दिवस मी माझ्या जित्या लेकाला मढ्याचं पाणी घालत होते.

म्हटलं, कुंपणाशी उभी ऱ्हायलीस, तोंड का उघडलं न्हाईस? मान खाली घालून म्हणाली, नऊ वर्सांनी माझ्या सिद्धूचा आवाज ऐकला, बाई.

हात उगारला होता. खाली आला.

रविवार, २५. सकाळ

दगड कालव्यात टाकले. कालपासून चूल न्हाई, तरी दगड ऊन. तळहात भाजले, अक्षर वाकडं येतंय.

परतले तर — पातेलं पालथं, राख गार, आन पाणी पडल्याचा आवाज. सावळाराम न्हाणीच्या दगडावर बसलाय, माझ्याकडं पाठ. बानूबाई आज कुंपणाच्या आत. तांब्यानं पाणी घालतीय. वाफा निघतायत. कुठून तापलं —

हाक मारली. सावळा. तीनदा. मान वळली न्हाई. तो तिला म्हणाला, बाय, पुरं.

खोपटात मोटार चालू. हँडल कुणी मारलं — सगळी तर हितं हाईत.

तो आता उठंल आन ड्रायव्हरच्या जागी — एकदा तिथं बसून मोटार रस्त्याला लागली की माझा लेक —

मीच जाऊन बसले. दार लावून घेतलं, वही मांडीवर. बसायचंच होतं ना मला. आता उठवून दावा.

बैठक ओली हाय. ऊन. लुगडं भिजलं. पायाखाली कायतरी —

आला. केसांतून पाणी गळतंय. काचेशी वाकून म्हणतोय, बाय, सरक. म्हटलं, आधी आय म्हण. मग सरकते. आय म्हण रं, माझ्या —

ओठ हलतायत. आ —

मोटार हलली. मी कशालाबी हात लावला न्हाई. तो पुढ्यात येऊन उभा, बाजूला हो सावळा, बाजूला —