पातळ बुबुळ

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी पूजेला बसलो तेव्हा नेहमीसारखा चष्मा उतरवून ठेवला. लांबचा नंबर मोठा असला तरी तळहाताइतकं जवळचं मला चष्म्याशिवायच स्वच्छ दिसतं. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बोटांकडे झुकलेलं बेलाचं पान. उदबत्तीचा धूर उजव्या डोळ्यात गेला म्हणून तो मिटला, तर पान दिसेना. पडलं असेल म्हणून मांडीवर, पाटाखाली चाचपडलो. सौ. दारात उभी.

"काय शोधून राहिले?"

"पान पडलं."

"हातात तर हाय की."

उजवा डोळा उघडला. पान होतं. मिटला. गेलं. बोटांची टोकंही गेली. तिथं काळं नाही, धूसर नाही. काहीच नाही.

नंतर शाळेची बस काढली. पोरं नेहमीसारखी. रस्ता पूर्ण दिसत होता. निदान तसं वाटत होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी टाकून डोळ्यांच्या डॉ.कडे. नांदेडातच, स्टेशनकडच्या. बाई आहेत, शांत बोलतात. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ एकही चमकला नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं.

काचबिंदू. डाव्या डोळ्याचा वरचा भाग गेला. उजव्यालाही सुरुवात.

म्हणालो, दर शिबिरात डोळ्याचा दाब तपासतात, दर वेळी नॉर्मल सांगतात. त्यांनी आणखी एक यंत्र लावलं, पेनासारखं, बुबुळाला टेकवून. बुबुळाची जाडी चारशे साठ मायक्रॉन. साधारण माणसाची साडेपाचशेच्या आत-बाहेर. "तुमचं बुबुळ पातळ आहे. पातळ बुबुळ लवकर दबतं, म्हणून यंत्र दाब कमी दाखवतं. आत जास्त असतो. त्यात लांबचा नंबर मोठा, म्हणजे डोळ्याची नस आधीच नाजूक."

लगेच कळलं. झिजलेल्या ट्यूबवर अंगठा दाबला की हवा कमी वाटते. आत असते ती असतेच. इतकी वर्षं टायर बघतोय.

गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राखायचं. रोज, जन्मभर.

"काम काय करता?"

सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या.

"मोठी गाडी चालवू नका. एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून तुम्हाला कळत नाही. दोन्हीकडचं गेलं की कळेल, आणि तेव्हा गाडीत मुलं असतील."

मी म्हणालो, मॅडम, कागदावर एवढं लिहू नका. सध्या.

"अप्पा, मी लिहिलं काय, न लिहिलं काय. स्टेअरिंगवर तुम्ही बसता."

१५ नोव्हेंबर, शनिवार

गाडी चालवली. सौ.ला काचबिंदू सांगितला, गाडीचं नाही सांगितलं. रात्री थेंब तिनंच टाकले. म्हणाली, देव बघून घेईल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लहानपणचं आठवत होतं. जळकोटजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मला फळा दिसायचा नाही. गुरुजी म्हणायचे, मन्मथ मठ्ठ आहे. मीही तेच धरून चाललो. पहिला चष्मा लागला आणि लिंबाच्या झाडाला वेगवेगळी पानं असतात हे दिसलं. म्हणजे आपल्याला काय दिसत नाही हे दिसेपर्यंत कळत नाही. आताही तेच, फक्त उलट्या बाजूनं.

गाडी सोडली तर काय करणार? दुसरं येत काहीच नाही. लेकीच्या, स्नेहाच्या, नर्सिंगची दोन वर्षं राहिलीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पुढच्या आठवड्यात शाळेत सगळ्या चालकांची नेत्रतपासणी आहे. आज पूजेत मनाशी ठरवलं. तिथं नापास झालो तर गाडी सोडायची. पास झालो तर त्याची इच्छा. माझ्या हातात ठेवायचं नाही.

मन एकदम हलकं झालं. आठवडाभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पास.

चष्मा लावून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. समोरचं मला दिसतंच, गेलंय ते कडेचं. डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाब बघितला. नॉर्मल. तपासणारा पोरगा म्हणाला, "काका, एकदम फिट."

पोरांना गाडीत चढवणाऱ्या शेवंतामावशी बाहेर उभ्या होत्या. "अप्पाचे डोळे घारीचे हायत. काचाच तेवढ्या बाटलीच्या बुडाच्या." सगळे हसले. मीही.

पेढे घेऊन घरी आलो. सौ.नं विचारलं कशाचे. म्हणालो, देवाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारच्या फेरीला वळणावरच्या लिंबाची फांदी टपाला घासत गेली. रोजचं झाड, रोजची फांदी, रोज मी गाडी उजवीकडे घेतो. पोरं आधी किंचाळली, मग खिदळली. त्यांना गंमत वाटली.

मावशी पुढं आल्या. "अप्पा, फांदी दिसली न्हाई का?"

"दिसली ना. समोरून मोटरसायकल आली."

"कुठं आली?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मागं जाऊन बसल्या.

मोटरसायकल नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

लातूरला गेलो, स्नेहाकडे. डॉ. म्हणाल्या होत्या की रक्ताच्या माणसांचीही तपासणी करा, म्हणून तिला आधीच कळवलं होतं. तिनं गुरुवारीच करून घेतली. तिलाही माझ्यासारखाच लांबचा नंबर. हॉस्टेलच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसलो.

"माझं पण पातळच हाय, बाबा. नस चांगली आहे. दर सहा महिन्यांनी बघायचं म्हणाले."

मी तिला काय काय दिलं, त्यात हेही. ती उलट मलाच समजावायला लागली, लवकर कळलं ते बरं झालं म्हणून. मग तिनं गाडीचं विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, शाळेची तपासणी झाली, पास झालो, देवानंच सांगितलं म्हण.

तिनं कप खाली ठेवला.

"तिथं बुबुळाची जाडी मोजली?"

"न्हाई."

"यंत्रात डोकं घालून ठिपके दाखवले?"

"न्हाई."

"मग त्यांनी काय बघितलं, बाबा?"

मी टपरीवाल्याकडे बघत बसलो.

"तुमाला माहीत होतं पास होणार म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "देवाला कामून मधी घातलं?"

परतीच्या बसमध्ये चालकाच्या मागची जागा मिळाली. अहमदपूर येईपर्यंत त्याच्या मानेकडे बघत होतो. किती सारखे हलतात मान आणि डोळे. वर, बाजूला, आरशात. मी असं करायचं कधी सोडलं?

१ डिसेंबर, सोमवार

पूजेत बसलो, पण काही मागवेना. जे उत्तर मला हवं होतं तेच मी विचारलं होतं. नापास करणारी तपासणी होऊन गेली होती, १४ तारखेला. ती मला पुरली नाही म्हणून दुसरी शोधली.

आजही गाडी चालवली. हे इथं लिहून ठेवतो.

३ डिसेंबर, बुधवार

काल चालवली. आज चालवली. साहेब, म्हणजे संस्थेचे सचिव, बाहेरगावी गेलेत, हे न सांगण्याचं कारण. फोन करता आला असता.

सौ.ला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "शेजारच्या कुलकर्णीबाईची नात तुमच्याच गाडीत हाय."

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पोरं न घेता, रिकामी गाडी हळूहळू शाळेत नेऊन लावली. मावशींना घरून निघतानाच कळवलं होतं, दुसरी गाडी फिरवा म्हणून. साहेबांच्या खोलीत गेलो. चावी टेबलावर ठेवली.

"माझे डोळे या गाडीच्या लायकीचे राहिले नाहीत, साहेब."

"अहो, परवाच फिट आलात ना तुम्ही?"

काचबिंदू सांगितला, बुबुळाचं सांगितलं. ट्यूबचं उदाहरण दिलं. ते चांगले आहेत, ऐकत होते. म्हणाले, बघू, ऑफिसात काही काम निघतंय का. मग चावी उचलता उचलता थांबले.

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"चौदा तारखेला. गेल्या महिन्यात."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आणि तेव्हापासून रोज मुलं नेत होतात?"

"हो."

"बाहेर थांबा."

थांबलो. बाकावर बसलो. आत फोन चालू होता. मधली सुट्टी झाली, पोरं अंगावरून धावत गेली, दोघा-तिघांनी हात हलवले. शाळा सुटली. माझी गाडी दुसऱ्यानं काढली. मावशी पायरीवर उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आत बोलावलं नाही, साहेब समोरून निघून गेले. शिपाई खोलीला कुलूप लावायला आला तेव्हा उठलो आणि ऑटोनं घरी आलो.