न मारलेला ठोसा

१४ सप्टेंबर, रविवार

शुभांगी जिंकली. ठाण्याच्या हॉलवर राज्य बॉक्सिंगची फायनल, जजेसचे ३-२. अडतिसाव्या वर्षी. समोर ऋतुजा, कल्याणची, तेवीस वर्षांची. एकेकाळी शुभांगीकडेच जॅब मारायला शिकलेली पोरगी. हॉलमध्ये सगळ्यांनी ऋतुजाच जिंकणार असं धरलेलं. मनातल्या मनात मीही.

शु.चा हात वर झाला तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलो. मग हिने निवेदकाचा माइक मागून घेतला. "ही माझी शेवटची फाइट होती. थँक यू." झालं. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असेलच." मी मान डोलावली. कसलं माहीत! एवढ्या वर्षांचा संसार आणि बायको रिटायर झाली हे मला माइकवरून कळतंय.

घरी येताना विचारलं. "थकले रे महेश." बास. काल सकाळी हीच बाई पुढच्या वर्षीच्या नॅशनल्सच्या गप्पा मारत होती.

आईने ओवाळलं. म्हणाली, "पितृपक्ष संपला की मग पार्टी करा काय ती."

१५ सप्टेंबर, सोमवार

कंपनीत पेढे नेले. क्वालिटीतल्या परांजप्याने पेढा आधी तोंडात टाकला, मग म्हणाला, "राग मानू नकोस महेश. माहेरवाशिणीची ओटी भरून पाठवणी करतात ना, तसं केलं जजेसनी."

"मॅच बघितलीस तू?"

"क्लिप बघितली. ती पोरगी खेळलीच नाही."

जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. एकाचं म्हणणं, वर असताना जाणं हेच खऱ्या चॅम्पियनचं लक्षण. दुसरा म्हणे, जिंकल्यावर कोण सोडतं? आतलं काहीतरी असल्याशिवाय? मी तावातावाने भांडलो. डबा तसाच परत आणला.

मानपाड्याच्या कंपनीतून घरी येईपर्यंत डोक्यात एकच. ती पोरगी खेळलीच नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

कदम सर आलेले. शु.चे कोच, पहिल्या दिवसापासूनचे. "महेशराव, निवृत्ती घ्यावी तर अशी, ऐटीत!" धक्का बसल्यासारखे अजिबात दिसले नाहीत. नवीन अॅकॅडमी काढतायत. बोर्डावर शु.चा फोटो टाकणार. निरोपाचं गोल्ड असलं की फोटो जास्त शोभतो.

आणि ऋतुजाही त्यांचीच. फायनलला सर हिच्या कोपऱ्यात, त्यांचा असिस्टंट तिच्या. म्हणजे दोन्ही कोपरे घरचेच की.

सहज विचारल्यासारखं विचारलं, "ऋतुजा जरा मंद वाटली नाही, सर?"

"एकेकाचा दिवस असतो हो."

शु. चहा ओतत होती. कपात कमी, टेबलावर जास्त. आई म्हणाली, "अगं, लक्ष कुठाय?" हिने फडकं घेतलं, पुसलं, आत गेली. माझ्या प्रश्नाने हात हलला का? तसं वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

फायनलचं पूर्ण रेकॉर्डिंग मिळवलं. दुपारभर तेच.

ऋतुजाचा उजवा हात हुकमी. सेमीत त्याच हाताने समोरचीला बसवलेलं. फायनलला तो हात जवळजवळ दिसतच नाही. पहिल्या दोन राउंडचं समजू शकतो. शु. सारखी स्वतःच्या उजवीकडे सरकतेय, त्या हातापासून लांब. हुशारीने. पण तिसऱ्या राउंडला, शेवटाकडे, शु.चा गार्ड पडतो. डावी बाजू सताड उघडी. ऋतुजाचा उजवा वर येतो. आणि थांबतो. मग डाव्या हाताचा एक साधा जॅब. कोणीही मारेल असा.

मागे नेऊन परत पाहिलं. थांबतोच.

शु. खोलीत आली. मी मोबाइल पालथा घातला. "काय बघतोयस?" "क्रिकेट." स्वतःच्या बायकोची मॅच चोरून बघतोय. काय ही वेळ.

पण ऋतुजा का सोडेल? तिला खेळाडू कोट्यातून नोकरी हवीय. ह्या गोल्डने तिचं काम झालं असतं. फुकट कोण सोडतं? मग बदल्यात काय? कोणी कबूल केलं? सरांनी? की...

पुढचं लिहवत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

शु. गॅलरीत फोनवर, दार ओढून घेऊन. "पंधरा दिवस थांबलं तर चालेल ना?" एवढंच कानावर आलं.

आत आल्यावर विचारलं, कोण होतं. "सर."

तेवढ्यात माझा फोन वाजला. कदम सर. "शुभांगीचा फोन कधीचा बिझी लागतोय. तिला सांगा, बुधवारी सत्काराला टेंभी नाक्यावर सहापर्यंत पोचायचंय." मी तिच्याकडे बघत "हो सर, सांगतो" म्हटलं. ती कपडे घड्या करायला लागली.

खोटं तिला कधी जमलं नाही. पण प्रयत्न करतेय, हे नवीन आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

टेंभी नाका. देवीच्या मांडवाशेजारी स्टेज, तुडुंब गर्दी. सर माइकवर. "हिच्या पिढीत अशी बॉक्सर झाली नाही." टाळ्या. शाल घातली, ठीक. मग पाहुण्यांनी डाव्या अंगाने नारळ पुढे केला. शु. समोर बघून हसतेय, नारळ तसाच हवेत. लोक हसायला लागले. पाहुणे ओशाळले.

खालून कोणीतरी ओरडलं, "ताई, डावीकडे!"

शु.ने अख्खी मान वळवली, नारळ घेतला. ओरडणारी ऋतुजा होती. माझ्यापासून चार माणसं सोडून उभी. मला बघितलं आणि गर्दीत मागे सरकली.

मी नवरा. पहिल्या रांगेत. मला वाटलं, हिचं लक्ष नाहीये. त्या पोरीला बरोबर कळलं, काय सांगायचं ते.

२७ सप्टेंबर, शनिवार

राहवलं नाही. घरी सांगितलं कंपनीत काम आहे, आणि कल्याण गाठलं. ऋतुजा प्रॅक्टिस संपवून हॉलच्या पायरीवर बसलेली, हाताच्या पट्ट्या सोडत. मला बघून उठली. "भाऊजी? ताई बऱ्या आहेत ना?"

सरळच विचारलं. "फायनल सोडलीस का तू?"

भडकलीच. "मी कशाला सोडू? जिंकले असते तर माझी नोकरी पक्की होती. ताईंनी माझा उजवा चालूच दिला नाही. तुम्ही बघितलंत ना, कशा फिरत होत्या?"

"बघितलं. आणि तिसऱ्या राउंडला? हात उचललास. मारला नाहीस."

पट्टी गुंडाळत राहिली. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. "रेफरी मध्ये येतायत असं वाटलं मला."

रेफरी तिच्या पाठीमागे होता. मला पाठ झालंय ते आता. निघालो, तर मागून म्हणाली, "डोळा दाखवला का ताईंनी डॉक्टरांना?"

"कसला डोळा?"

तिचं तोंड पांढरं पडलं. मग सांगितलं. जुलैनंतर सरावाच्या लढतींत ताईंना डाव्या बाजूचे ठोसे दिसायचे नाहीत. सरांच्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं. "मी ओळखलंय हे ताईंना माहीत नाही. प्लीज भाऊजी, त्यांना सांगू नका."

२८ सप्टेंबर, रविवार

काल घरी गेल्या गेल्या विचारलं. आई देवळात गेलेली, बरंच झालं.

शु. खुर्चीत बसली. नाटक केलं नाही. डोळ्याच्या पडद्याला चीर. जुलैत लेझर करून घेतलं.

"जुलैत तू पुण्याला कॅम्पला होतीस."

"ठाण्यात होते. मावशीकडे."

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं, बॉक्सिंग बंद. एक ठोसा नको तिथे बसला तर डोळा जाईल. फायनलच्या मेडिकलला तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेली. सरांना पत्ता नाही. आता फायनलपासून डाव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळी सावली उतरतेय. गॅलरीतला फोन डॉक्टरांचा होता. ते लगेच या म्हणतायत, हिला सत्कार आणि दसरा उरकायचा होता.

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. "कशासाठी? मेडलं काय कमी होती घरात?"

"एकदा त्या पोरीबरोबर खेळायचं होतं. ती पूर्ण जोरात, मी पूर्ण जोरात. मग थांबणारच होते."

"आणि तिला माहीत असतं तर?"

"तिला माहीत असतं तर तिने नीट मारलंच नसतं. मग त्या जिंकण्याला काय अर्थ होता?" मग एकदम माझ्याकडे वळून: "तुला डोळ्याचं कोणी सांगितलं?"

"नारळ दिसला नाही तुला. मी आंधळा आहे का?"

बोलून गेलो, मग जीभ चावली. पण तिला पटलं. की पटल्यासारखं दाखवलं? आता मलाच कळेनासं झालंय कोण कोणापासून काय लपवतंय.

परांजप्याचं खरं निघालं तर? आणि निघालं तरी... ऋतुजाने डोळ्यासाठी हात आवरला असेल, तर मी त्या पोरीचे पाय धरायला हवेत. पण शु.च्या गळ्यातलं ते गोल्ड मग कोणाचं?

३० सप्टेंबर, मंगळवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर काही खरं नव्हतं. पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात गॅस भरलाय. दिवसाचा बराचसा वेळ पालथं झोपायचं, मान खाली. वर बघायचं नाही.

कदम सर हॉस्पिटलात येऊन रडले. खरे रडले. "मला सांगायचं नाही का गं?" मी ह्या माणसाबद्दल काय काय लिहून ठेवलंय मागच्या पानांवर.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आईने शु.च्या ग्लोव्हजची पूजा केली. शु. पालथी पडूनच म्हणाली, "सासूबाई, झेंडूचा वास आला." आईने सोनं तिच्या हातात ठेवलं.

५ ऑक्टोबर, रविवार

ऋतुजा आली. आईने पोहे केले. शु. पलंगावर पालथी, कपाळ उशीच्या कडेवर, तोंड जमिनीकडे. ऋतुजा क्षणभर घुटमळली, मग पलंगाखाली डोकं जाईल अशी सरळ लादीवर आडवी झाली, वर बघत. म्हणजे शु.ला तिचा चेहरा दिसावा. दोघी हसल्या.

"महेश, नारळपाणी आण ना," शु. म्हणाली. फ्रिजमध्ये होतं. मला बाहेर काढायचं होतं, कळलं. गेलो.

परत आलो तर ऋतुजा दारात, चपला घालत होती. डोळे लाल. हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं," म्हणाली. जिना उतरून गेली. काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, तोंडातून काढलं नाही.

आत गेलो. नारळपाण्यात स्ट्रॉ घालून खालून धरलं. शु.ने दोन घोट घेतले. मग त्याच लादीकडे बघत म्हणाली, "एक सांग. खरं सांग. मी जिंकले का?"

"जिंकलीस."

पंखा फिरतोय. बाहेर आई कोणाशी तरी फोनवर सुनेचं कौतुक करतेय.

"फार पटकन बोललास," शु. म्हणाली.

मान वर करायची तिला बंदी आहे. मी स्ट्रॉ पुन्हा तिच्या ओठांशी नेला.