अकरा पताका

बाबा, तुमच्या त्या कार्डावरून मी एका माणसाशी भांडण काढलंय. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि घरात कुणाचा आवाज चढला की तुम्ही पेपर तोंडासमोर धरायचात हे मला चांगलं आठवतं. पण या वेळी मी मागे हटणार नाही. झालं असं, की जावयाला जुन्या बेसबॉल कार्डांचं वेड आहे, म्हणून गेल्या शनिवारी इथे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत भरलेल्या कार्डांच्या प्रदर्शनाला मी त्याच्याबरोबर गेले. पत्त्याएवढ्या त्या चित्रांवर लोक भिंग घेऊन ओणवे झालेले, आणि मी आपली कॉफी घेऊन त्याच्या मागे मागे. एका टेबलावर काचेखाली दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्हींवर खेळाडूचा फोटो, वर पताकांची माळ, खाली नावाची तिरकी पट्टी. एकाखाली चिठ्ठी होती, ‘मूळ’. दुसऱ्याखाली ‘नक्कल’. ती नक्कल म्हणजे तुमचं कार्ड होतं. मला इतका राग आला, की जावयाने माझ्या हातातून कप काढून घेतला.

ते कार्ड माझ्यासमोर तयार झालंय. पेनसिल्व्हेनियातलं आपलं ते भाड्याचं घर, आईची हॉस्पिटलमधली ड्युटी, आणि तिच्यामागून अमेरिकेत आलेले तुम्ही. कोल्हापूरच्या प्रेसमध्ये पंधरा वर्षं उदबत्तीच्या पुड्यांची लेबलं काढलेला माणूस इथे कोण ठेवून घेणार, म्हणून सगळे काळजीत होते. पण गावातल्या एका छोट्या कार्डवाल्या कंपनीने ठेवून घेतलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठी कंपनी होती, तिच्यापुढे ही अगदीच चिमुकली. तुम्हाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मला अजून दिसतंय, तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोर्ड, म्हणजे कार्डाच्या मूळ चित्राचा तो जाड पुठ्ठा, मांडून बसलायत, एका बाजूला आमटीचं पातेलं निवतंय, आणि तुम्ही वरच्या कडेला जत्रेत लावतात तशी पताकांची माळ काढताय. बोर्डाच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलंय, ‘संघ आहे, पताका अकरा.’ मी शाळेत नवीन होते, तरी एवढं मला माहीत झालं होतं. पुढे एकदा मोजून म्हटलं, “बाबा, बेसबॉलमध्ये नऊ जण असतात.” तोवर बोर्ड साहेबांनी पास केला होता. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. “राहू दे गं, त्यांनी तरी कुठे मोजल्या,” म्हणालात.

एरवी नक्कल या विषयावर तुम्हाला हसू यायचं नाही. त्याच टेबलावर मी एकदा ट्रेसिंग पेपर ठेवून मासिकातलं मांजर गिरवलं होतं आणि मोठ्या दिमाखात तुम्हाला दाखवायला आणलं होतं. तुम्ही ते पाहिलंत, चार तुकडे केलेत आणि माझ्या हातात कोरा कागद दिलात. “बघून काढ. बघून काढलंस तर चुका तुझ्या असतील. गिरवलंस तर चुकासुद्धा दुसऱ्याच्याच.” मी रडले, दुपारी जेवले नाही. आई म्हणाली, “अहो, एक मांजर तर आहे.” तुम्ही काही तिचं ऐकलं नाहीत. पण रात्रीच्या जेवणाआधी एक नवी पेन्सिल टोक करून माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. पुढे मी आर्किटेक्ट झाले, तीस वर्षं नकाशे काढले, आणि अजूनही कोणी दुसऱ्याच्या नकाशावर कागद ठेवला की माझ्या कपाळावर आठी पडते.

मग मार्चमध्ये मोठ्या कंपनीची कार्डं दुकानात आली, आणि त्यांवर वर पताकांची माळ, खाली तिरकी पट्टी. तुमची अजून छापायचीच होती, ती जूनमध्ये निघाली. सगळ्या गावाने ठरवून टाकलं की छोट्याने मोठ्याचं उचललं. साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं, आणि घरी परत आलात ते नोकरी गमावून, बोर्ड जुन्या चादरीत गुंडाळूनच. आई चिडली होती. “त्यांना म्हणावं पताका मोजा. अकरा आहेत त्यांच्याही. तुमची चूकसुद्धा गिरवलीय मेल्यांनी.” तुम्ही बूट काढत होतात. म्हणालात, “मोजून काय होणार? आपलं त्यांच्याकडे गेलं कसं, हे विचारलं साहेबांनी. मला कुठे माहितीय?” मी तेव्हा दाराशी उभी होते. त्यानंतर तुम्ही आईच्या हॉस्पिटलात फॉर्म छापण्याच्या खात्यात लागलात, आणि रिटायर होईपर्यंत फॉर्मांच्या रेघा आखल्यात. चित्र असं पुन्हा कधी काढलं नाहीत.

तर शनिवारी मी त्या टेबलामागच्या गृहस्थांना पताका मोजायला लावल्या. माणूस सभ्य आहे. कार्डवाल्यांनी एकमेकांची कोणती डिझाइनं चोरली याचं तो एक जाडजूड पुस्तक करतोय, आणि त्यात ही जोडीही याच चिठ्ठ्यांसकट जाणार आहे. आधी त्याने मला तारखा ऐकवल्या, मार्च आणि जून. मी म्हटलं, “मोजा तर खरं.” त्याने मोजल्या, दोन्हीकडे अकरा. मी विचारलं, बेसबॉलमध्ये आख्खं आयुष्य काढलेला कुठला अमेरिकन माणूस संघाच्या अकरा पताका काढेल? मग त्याला क्रिकेट म्हणजे काय ते सांगितलं. त्याने पुन्हा एकदा मोजल्या, आणि चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. “बोर्डाचे फोटो पाठवा, आणि सगळं लिहून पाठवा, शुक्रवारच्या आत,” म्हणाला. “फक्त एक प्रश्न राहतो, मॅडम. तुमच्या वडिलांकडून हे त्यांच्यापर्यंत गेलं कसं?”

लेकीला हे काही पटत नाही. “आई, जस्ट लेट इट गो. आजोबा आर गॉन. हू इज इव्हन गोइंग टु रीड दॅट बुक?” मी म्हटलं, “मी वाचणार आहे. तुझी मुलं वाचतील.” ती म्हणाली, “यू आर सो स्टबर्न.” असू दे. गराजमधून बोर्ड काढला, चादरीसकट. डिंक पिवळा पडलाय, पण तुमचं पेन्सिलीचं अक्षर स्वच्छ आहे. फोटो काढले. मराठी ओळीखाली इंग्रजी अर्थ लिहिला. पत्र तीनदा लिहिलं, आणि तिन्ही वेळा त्या एका प्रश्नाशी येऊन थांबले. आज सकाळी चौथ्यांदा बसले आणि पूर्ण केलं. तुमच्या नावापुढे ‘नक्कल’ छापलं जाऊ द्यायचं नसेल तर दुसरा इलाज नाही. ते पत्र उद्या जाईल. त्यात जे लिहिलंय ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून हे दुसरं, जे कुठेच जाणार नाही.

बोर्ड पास झाल्यावर तुम्ही कार्डाची चार प्रूफं, छपाईआधीचे नमुने, घरी आणली होतीत. एक कमी आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं, आणि प्रेसमध्येच राहिलं असेल असं तुम्हीच म्हणाला होतात. ते मी नेलं होतं, बाबा, दप्तरात घालून. वर्गातल्या एका मुलीने वाढदिवसाला सगळ्यांना बोलावलं होतं, मला सोडून. माझे बाबा बेसबॉलची कार्डं काढतात असं मी तिला सांगितलं, तर ती हसली, म्हणून प्रूफ दाखवलं, आणि तिने मागितलं तेव्हा देऊन टाकलं. तिचे वडील मोठ्या कंपनीत आहेत हे मला माहीत होतं. त्याने काय होईल हे माहीत नव्हतं, पण मार्चमध्ये कळलं, आणि तुम्ही बोर्ड घेऊन परत आलात तेव्हाही मी दाराशी नुसती उभी राहिले. त्या प्रूफाच्या बदल्यात मला वाढदिवसाचं बोलावणं आलं. तुम्हाला कोण आनंद झाला होता, पोरीला मैत्रीण मिळाली म्हणून. मला तिच्या दारापर्यंत सोडायला तुम्हीच आला होतात, आणि तिला बारावं लागणार म्हणून भेट गुंडाळायच्या कागदावर मोजून बारा पताका काढून दिल्या होत्यात.