चंपासाठी प्रार्थना

बुधवार, ६ मार्च १९९६
काय प्रार्थना झाली आज माझी! बुधवारच्या प्रार्थनासभेला आमच्या राजाजीनगरच्या घरात अठरा माणसं, खुर्च्या पुरल्या नाहीत. आधी अमितचं दुबईचं पत्र वाचून दाखवलं. ‘आई, तुझ्या प्रार्थनांनीच मी इथे उभा आहे.’ चंपा नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी म्हणाली, ‘प्रभूची स्तुती असो!’ हे मात्र मान खाली घालून बसलेले. पोटच्या पोराचं पत्र, तरी ह्यांना भावना म्हणून दाखवता येत नाही!

मग प्रार्थना. शब्द कसे भरभर सुचत गेले. चंपाचं नाव घेतलं, तिच्या नवऱ्याचं, येसाजीचं घेतलं. ‘दयाळू पित्या, वेड्यांच्या इस्पितळात खितपत पडलेल्या तुझ्या लेकराला बरं कर!’ आवाजही नेमका तिथेच कापला. आमेन म्हणून डोळे उघडले तर सगळे गप्प. भारावले असतील.

गुरुवार, ७ मार्च
सकाळी चहा घेताना हे म्हणाले, ‘देवाला ऐकू गेली की नाही ठाऊक नाही. मथुराबाईंना गेली.’

मथुराबाईंच्या भाच्याशी चंपाच्या हर्षिताचं जमत आलंय. येसाजी हुबळीला नोकरीला आहे, असंच चंपा सगळ्यांना सांगते. खरं सांगितलं ते फक्त मला— गेल्या रविवारी, माझ्याच मोरीपाशी पेले विसळताना. ‘अक्का, हे तुमच्यापाशीच राहू दे.’

पण मी काय चहाडी केली? प्रार्थनाच केली ना!

रविवार, १० मार्च
सोयरीक मोडली. मथुराबाईंनी चर्चच्या पायरीवरच सांगितलं, वर माझा हात दाबून— ‘बरं झालं बाई, तुमच्यामुळे वेळेत कळलं.’ जेवण गेलं नाही.

बुधवार, १३ मार्च
चंपा आली नाही. प्रार्थना मीच केली, पण माझाच आवाज मला परका वाटत होता. ‘खितपत पडलेल्या’— हे चंपा बोललीच नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, ‘ते तिथे असतात.’ बाकीचं मी सजवलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून.

शुक्रवार, १५ मार्च
पेले विसळताना मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. दोनदा वळून पाहिलं. कोणी नाही.

शनिवार, १६ मार्च
तिच्या घरी गेले. रिक्षात सगळी क्षमायाचना पाठ करून घेतली होती, बायबलच्या वचनासकट! तिने दार अर्धंच उघडलं. आत हर्षिता भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी दोन वाक्यं बोलले असेन. चंपा हळूच म्हणाली, ‘अक्का, ह्याचीही साक्ष देणार का बुधवारी?’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. कारण खरंच, जातानाच मी बुधवारी सगळ्यांपुढे द्यायच्या साक्षीची सुरुवात जुळवली होती. काय बाई आहे मी!

रविवार, १७ मार्च
पाळक लीनतेवर बोलले. एरवी मी मथुराबाईंकडे पाहिलं असतं— ऐका म्हणावं! आज मान वर झाली नाही.

बुधवार, २० मार्च
नाही आली.

सोमवार, २५ मार्च
तिला पोस्टात गाठावं म्हणून गेले. पोस्टात आहे एवढंच मला ठाऊक. तिथे काय करते, हे इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही. खिडकीवरचा कल्लाप्पा म्हणाला, ‘चंपा मॅडम रजेवर आहेत, अम्मा. तुमच्या ब्लॉकचं सगळं टपाल त्याच लावतात की! एकेक पाकीट त्यांच्या हातून जातं. अकरा वर्षं झाली.’

घरी कशी आले आठवत नाही. अमितच्या पत्रांचा डबा काढला. उघडायचा धीर झाला नाही.

बुधवार, २७ मार्च
आज सभेत उभी राहिले नाही. बसूनच बोलले— अमितची पत्रं मीच लिहिते. तो भांडून गेला त्याला चार वर्षं झाली, एक ओळ आलेली नाही. ह्या वहीतसुद्धा मी खोटंच लिहिलं. दुबईचं एकही पाकीट चंपाच्या हातून गेलं नव्हतं, तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. कधी कोणाला बोलली नाही. उलट पत्र वाचून झालं की सगळ्यांच्या आधी स्तुती म्हणायची.

आज कोणीच काही म्हणालं नाही. तिची खुर्ची रिकामी होती.