काळोखाची फेरी

३ तारीख, सोमवार
नापास! पटावरचे खेळ छापणाऱ्या कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "मूळ खेळ छानच आहे हो तुमचा. चौघं बर्फात अडकतात, एकमेकांना सांभाळून जगतात, नाहीतर सगळेच मरतात. पण त्याला जोडायची ही जादा पत्त्यांची, भयाची नवी पेटी... भीतीच वाटत नाही!" एकोणीस तारखेपर्यंत सुधारून द्यायची. नाहीतर विषय संपला.

५, बुधवार
पत्त्यांवर बारा राक्षस काढलेत. आज बघून मलाच हसू आलं.

९, रविवार
दुपारी ताई, भाऊजी आणि शेजारचे दातांचे डॉक्टर खेळायला आले. राक्षसांना कुणी भीक घातली नाही. भाऊजी नेहमीसारखे सगळ्यांचे डाव स्वतःच खेळतात — "तू लाकडं आण. तू डोकं चालवू नकोस, मी सांगतो ते कर." ताईची सोंगटीसुद्धा तेच हलवतात. ती हसते नुसती.

१२, बुधवार
सुचलं! भांडी घासताना. राक्षस दाखवायचाच नाही. तो आवाजाच्या मागावर येतो. काळोखाचा पत्ता निघाला की ती फेरी संपेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण ठरवायचं. बोललात — मेलात! बाराही राक्षस कचऱ्यात.

१६, रविवार
जमलं!! पुन्हा तेच तिघं आले. काळोखात डॉक्टरांच्या हातून सोंगटी चक्क निसटली. (दात काढताना पक्कड निसटत नसावी म्हणजे मिळवली.) भाऊजींना गप्प बसवेना. दोन डाव झाले, दोन्हींत बोलले नि मेले. "बकवास नियम आहे," म्हणत गॅलरीत जाऊन उभे राहिले. ताईनं मात्र कुणाला न विचारता झोपडीचं दार उघडलं, लाकडं आणली, आम्हाला वाचवलं. असली खेळली!

१७, सोमवार
खेळणाऱ्यांनी भरलेले कागद तपासले. कुठल्या फेरीत किती भीती वाटली, दहापैकी. डॉक्टर — साध्या फेऱ्यांना दोन, काळोखाला आठ. ताई — साध्या फेऱ्यांना नऊ, काळोखाला शून्य.
फोन केला. "अगं, उलटं भरलंस का?"
"नाही गं. बरोबर आहे."
मागून भाऊजी — "कोणाशी बोलतेयस?"
फोन बंद.

१८, मंगळवार
नऊ.
सणासमारंभात, फोटोंत, माझ्याच टेबलाशी — इतकी वर्षं तिचं हसणं बघत आले, आणि मला ते हसणंच वाटलं! चार वेळा फोन केला. उचलत नाही.

१९, बुधवार
पेटी कंपनीत दिली. बाई खेळताना दचकल्या, मग टाळी दिली. छापणार म्हणे. मी लिफ्टमध्ये ताईलाच फोन लावत होते. बंद येतोय.

२०, गुरुवार
सकाळी साडेसातला बेल. दारात ताई. पायात घरातल्या सपाता, हातात एकच पिशवी.
म्हणाली, "मला परत जायचं नाहीये."